नळीच्या वाटेने येणारा ताप

डायलिसिस सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटं झालेली असतात. घरून निघताना रुग्ण चांगला होता. एसटीत शेजारच्याशी बोलत आला, वजन करून घेतलं, खुर्चीत बसला. मशीनचा पंप फिरू लागतो आणि थोड्याच वेळात त्याचे दात वाजायला लागतात. "सिस्टर, लई थंडी वाजायली." अंगावर दोन चादरी टाकल्या तरी हुडहुडी थांबत नाही. तासाभरात अंग भाजू लागतं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ताप उतरतो, आणि घरचे समजूत करून घेतात की मशीनचं गार पाणी बाधलं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा डायलिसिस, पुन्हा तीच थंडी.

या तापाचं मूळ बहुतेक वेळा डायलिसिससाठी मानेजवळ घातलेल्या नळीत असतं. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंनी मुक्काम केलेला असतो. एरवी नळी बंद असते म्हणून ते जागच्या जागी राहतात. पंप सुरू झाला की वेगाने वाहणाऱ्या रक्ताबरोबर ते सुटतात आणि थेट हृदयात, तिथून सगळ्या अंगात पोचतात. शरीर त्याला थंडी वाजवून उत्तर देतं. म्हणून मशीन लावल्यावर येणारी हुडहुडी ही नळीने दिलेली सूचना मानायची. ती पहिल्याच दिवशी ओळखली तर माणूस बहुतेक वेळा वाचतो. 'उतरला की ताप' म्हणून दोन आठवडे काढले, तर तेच जंतू हृदयाच्या झडपेवर किंवा पाठीच्या मणक्यात जाऊन बसतात.

हे प्रकरण अशा नळ्यांबद्दल आणि त्या अंगात घेऊन जगणाऱ्या माणसांबद्दल आहे. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावातून त्याकडे पाहायचं कारण सरळ आहे. नळी घालण्याचं काम जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईत होतं. ताप मात्र पिंपळगाव रेणुकाईत, हसनाबादेत, राजूरजवळच्या एखाद्या वस्तीवर येतो. नळी घालणारे हात आणि तापाला पहिल्यांदा हात लावणारे हात यांच्यामध्ये पन्नास-साठ किलोमीटरचा, कधी चारशे किलोमीटरचा रस्ता असतो. या आजाराचा निकाल पुष्कळदा त्या रस्त्यावरच लागतो.

रक्तापर्यंतची वाट

डायलिसिसच्या मशीनला दर मिनिटाला साधारण अडीचशे ते तीनशे मिलिलिटर रक्त लागतं. सलाईन लावतो त्या मनगटाजवळच्या साध्या शिरेतून एवढं रक्त येत नाही. केमोथेरपीची काही औषधं इतकी जहाल असतात की बारीक शिरेत दिली तर शीर जळते. आठशे-नऊशे ग्रॅमचं अपुऱ्या दिवसांचं बाळ तोंडाने दूध पिऊ शकत नाही, त्याला दिवसचे दिवस रक्तातूनच पोषण द्यावं लागतं. या सगळ्यांसाठी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोचणारी नळी हवी.

ही वाट खुली करून दाखवली ती १९२९ साली, जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात. वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि ती तशीच ठेवून तो क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेला. फोटोत नळीचं टोक हृदयात दिसत होतं. वरिष्ठांकडून त्याला तेव्हा बोलणी खावी लागली. १९५६ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

डायलिसिसचं यंत्र त्याआधीच तयार झालं होतं, पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. जागा संपल्या की उपचार संपत. १९६० साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची कायम राहणारी जोडनळी बसवली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षं जगला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो, हे जगाला त्या नळीमुळे कळलं. मात्र त्या नळ्यांभोवती संसर्ग होई, रक्ताच्या गुठळ्या होत. मग १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकच वगळलं. मनगटाजवळची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडून दिली. धमनीचा जोर शिरेत आला की ती काही आठवड्यांत जाड होते, आणि तिच्यात सुया टोचून डायलिसिस करता येतं. यालाच फिस्टुला म्हणतात.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी १९७९ साली रॉबर्ट हिकमन यांच्या नावाची नळी आली. १९८०च्या दशकात कातडीखाली बसवायचा छोटा कप्पा, म्हणजे केमोपोर्ट आला. हृदयाला ठोके देणारा पेसमेकर तर १९५८ सालीच स्वीडनमध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवला गेला होता. या साधनांनी लाखो माणसांना आयुष्य दिलं, यात शंका नाही. पण कातडी हा शरीराचा पहिला तट आहे. नळी त्यात कायमचं भोक ठेवते, आणि तेही थेट रक्तात उघडणारं.

नळीच्या आत काय घडतं

नवी नळी निर्जंतुक असते. रक्तात गेल्यावर काही तासांतच तिच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. गुळगुळीत प्लास्टिकवर जंतूंना धरायला जागा नसते, ती या थराने मिळते. मग एखादा जंतू चिकटतो, वाढतो, आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडू लागतो. बरेच दिवस न घासलेल्या रांजणाला आतून जसा बुळबुळीत थर धरतो, तसा हा थर असतो. पाणी बदललं तरी रांजणाचा थर जात नाही. नळीतून कितीही औषध गेलं तरी हाही थर तसाच राहतो. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात.

बायोफिल्ममधले जंतू संथ होतात, हळू वाढतात, एकमेकांच्या आडोशाने राहतात. मोकळ्या जंतूंना मारायला जेवढं प्रतिजैविक लागतं, त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध इथे लागू शकतं. तेवढं माणसाला देता येत नाही. म्हणून नळीच्या संसर्गात एक फसवा अनुभव येतो. इंजेक्शन दिलं की रक्तातले मोकळे जंतू मरतात, ताप उतरतो, सगळ्यांना बरं वाटतं. औषध थांबलं की थरातून नवे जंतू सुटतात आणि ताप परत येतो. अशा वेळी ताकदीचं इंजेक्शन बदलत बसण्यापेक्षा नळीचं काय करायचं हा प्रश्न आधी विचारायला हवा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू किंवा कॅन्डिडा ही बुरशी सापडली तर बहुतेक वेळा नळी काढावीच लागते.

जंतू आत येतात त्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली वाट कातडीवरून. नळी जिथे आत शिरते त्या जागेतून नळीच्या बाहेरच्या अंगाने जंतू खाली उतरतात. सुरुवातीच्या दिवसांत ही वाट जास्त चालते. म्हणूनच जास्त काळ ठेवायची नळी कातडीखालून काही अंतर बोगद्यासारखी नेतात आणि तिच्यावर कापडी पट्टी असते. त्या पट्टीत मांस धरलं की वाट अडते. आपल्याकडे सगळे जिला परमकॅथ म्हणतात ती हीच. दुसरी वाट नळीच्या तोंडातून. टोपण उघडताना, जोडताना, औषध सोडताना हातावरचा जंतू आत जातो. नळी जुनी होत जाते तसा हा धोका मोठा होतो. तिसरी वाट शरीराच्या आतूनच, म्हणजे पायाची चिघळलेली जखम किंवा किडलेला दात. आणि चौथी, क्वचित येणारी पण फार फसवी वाट म्हणजे नळीतून दिलेलं औषधच दूषित असणं.

ज्यांची ढाल आधीच पातळ आहे

हेच जंतू तुमच्या-माझ्या कातडीवर रोज असतात आणि काही करत नाहीत. नळी ज्यांना लागते त्यांची लढायची ताकद मात्र आधीच कमी झालेली असते. मूत्रपिंडं बंद पडली की रक्तातली घाण पांढऱ्या पेशींनाही दुबळं करते, शिवाय यांतल्या अनेकांना मधुमेह असतो. केमोथेरपीनंतर दहा-बारा दिवसांनी पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी कागदाहून नाजूक असते आणि आईकडून मिळणारी प्रतिकारद्रव्यं पुरती मिळण्याआधीच ते जन्मलेलं असतं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ साली जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार, स्टॅफिलोकोकस ऑरियसमुळे रक्तात संसर्ग होण्याचा धोका डायलिसिसवरच्या माणसाला इतरांच्या सुमारे १०० पट असतो. डायलिसिस घेणाऱ्यांमध्येही फिस्टुला असलेल्यांपेक्षा नळी असलेल्यांना तो कितीतरी जास्त असतो.

भारतातलं चित्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि दिल्लीचं एम्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रुग्णालयांच्या जाळ्यामुळे दिसू लागलं. मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात २६ रुग्णालयांतल्या ८९ अतिदक्षता विभागांत मोजणी झाली आणि ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. अशा मोजणीत 'हजार नळी-दिवस' हे माप धरतात. दहा रुग्णांना शंभर दिवस नळी राहिली तर हजार नळी-दिवस होतात. सर्वांत वाईट स्थिती नवजात बाळांच्या विभागात आढळली. तिथे हजार नळी-दिवसांमागे वीसहून जास्त संसर्ग होते. सर्वाधिक सापडलेला जंतू होता क्लेब्सिएला, आणि त्यातल्या बहुसंख्य जंतूंवर कार्बापेनेम गटाची, म्हणजे राखून ठेवलेली औषधंही चालत नव्हती. त्या बाळांसाठी डॉक्टरांच्या हातातली शेवटची शस्त्रंच बोथट झालेली आहेत. झालेला संसर्ग बरा करू, या भरवशावर राहण्याचे दिवस गेले. तो होऊच न देणं हाच आपल्याकडचा खात्रीचा उपाय उरला आहे.

मुंबईतल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट चौथ्या वाटेची. मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या केमोथेरपी डे-केअरमध्ये अचानक एकामागून एक रुग्णांना थंडी-ताप येऊ लागला. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, बर्खोल्डेरिया सेपेशिया गटाचा, एरवी क्वचित दिसणारा जंतू वाढला. हा जंतू ओल्या जागी राहतो, काही जंतुनाशकांतही टिकतो. एकच विरळा जंतू अनेकांच्या रक्तात सापडणं हा योगायोग असू शकत नाही, हे तिथल्या संसर्ग-नियंत्रण पथकाने ओळखलं. या सगळ्या रुग्णांना समान काय मिळालं, याचा त्यांनी माग काढला, आणि तो उलटी थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका इंजेक्शनपाशी जाऊन थांबला. जंतू कारखान्यातूनच औषधाबरोबर आला होता. ही हकीकत २०१५ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल मायक्रोबायॉलॉजी या नियतकालिकात छापून आली. तिथल्या परिचारिकांचे हात स्वच्छ होते आणि तरी रुग्ण आजारी पडले. कल्चर केलं नसतं, 'केमोचा ताप' म्हणून सोडून दिलं असतं, तर ते इंजेक्शन पुढेही दिलं गेलं असतं.

दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. हृदयाचा ठोका अनियमित झाला की शॉक देऊन तो सावरणारं डिफिब्रिलेटर नावाचं यंत्र छातीत बसवतात. त्याची किंमत लाखांत जाते, गरीब माणसाला ते परवडत नाही. अमेरिकेत वापरून काढलेली, पण बॅटरी शिल्लक असलेली यंत्रं मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये आणून, काळजीपूर्वक साफ आणि निर्जंतुक करून अशा रुग्णांना बसवली गेली. ८१ रुग्णांना अशी १०६ यंत्रं बसवली, आणि त्यांचा सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. त्यांत यंत्रामुळे संसर्ग झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही. २०१२ साली ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये हा अभ्यास आला. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये त्या जुन्या यंत्राने धोक्याच्या क्षणी आपलं काम केलं होतं. पुढे २०२० साली कॅनडातून लॅटिन अमेरिकेत पाठवलेल्या अशा पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर यंत्रांचा १,०५१ रुग्णांवरचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. दोन वर्षांत संसर्गाचं प्रमाण पुन्हा वापरलेल्या यंत्रांत २ टक्के आणि नव्या यंत्रांत १.२ टक्के होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही.

यावरून कुठलंही साधन धुऊन पुन्हा वापरावं, असा अर्थ मुळीच काढायचा नाही. एकदाच वापरायच्या नळ्या एकदाच वापरायच्या. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या ठिकाणी औषध नवं, सीलबंद होतं आणि संसर्ग झाला. दुसऱ्या ठिकाणी यंत्र वापरलेलं होतं आणि संसर्ग टळला. वस्तू नवी की जुनी, महाग की स्वस्त, याच्यापेक्षा ती कोणत्या शिस्तीतून रुग्णापर्यंत आली यावर त्याचं रक्त सुरक्षित राहतं की नाही हे ठरतं.

पाच साध्या गोष्टी

शिस्तीचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून आला. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत पाच गोष्टी पाळायला लावल्या. नळी घालण्याआधी हात धुवायचे. टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन, हातमोजे घालून रुग्णाचं सगळं अंग निर्जंतुक चादरीने झाकायचं. कातडी क्लोरहेक्झिडिनने पुसायची. जमेल तिथे जांघेतली शीर टाळायची. आणि गरज संपली की नळी लगेच काढायची. यातली एखादी पायरी डॉक्टरकडून सुटली तर त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. २००६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, हजार नळी-दिवसांमागचा संसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्ष तसाच राहिला.

यात नवं औषध नव्हतं, महागडं यंत्र नव्हतं. या पाचही गोष्टी प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होत्या. फरक पडला तो त्या दर वेळी, न चुकता केल्यामुळे, आणि वयाने, पदाने लहान असलेल्या माणसाला 'थांबा' म्हणता आल्यामुळे. आपल्याकडे सिस्टरने सर्जनला थांबवणं अजून सोपं नाही. ज्या रुग्णालयात ते सोपं होईल, तिथल्या रुग्णांचा ताप कमी होईल.

नळी घातल्यानंतरची शिस्त डायलिसिसच्या खुर्चीपाशी दिसते. नीट चालणाऱ्या केंद्रात मशीन जोडायची वेळ झाली की सिस्टर स्वतः मास्क लावते, रुग्णालाही लावते आणि म्हणते, "मावशी, तोंड पलीकडं फिरवा, बोलू नका." बोलताना उडणाऱ्या थुंकीच्या कणांत जंतू असतात आणि नळीची दोन तोंडं, एक लाल आणि एक निळं, मानेपासून वीतभर अंतरावर असतात. हात धुऊन ती हातमोजे घालते. नळीवरची पकड बंद आहे ना ते पाहते, टोपण काढते आणि उघड्या तोंडाच्या कडा आणि आटे जंतुनाशकाच्या बोळ्याने दहा-पंधरा सेकंद रगडून पुसते. मग ते वाळेपर्यंत थांबते. हे वाळणं फार महत्त्वाचं आहे, कारण जंतुनाशक जंतूला मारायला तेवढा वेळ घेतं. तोंड उघडं ठेवून ती इकडेतिकडे पाहत नाही, फोन घेत नाही. एका रुग्णाला वर्षात शंभराहून अधिक वेळा असं जोडलं आणि सोडलं जातं. तितक्या वेळा ही पंधरा सेकंदं आणि ते थांबणं पाळलं जाणं म्हणजेच त्या रुग्णाचं संरक्षण. एका सिस्टरला एकाच वेळी आठ-आठ मशीन सांभाळावी लागली तर सर्वांत आधी हेच थांबणं गळून पडतं. म्हणून माणसं पुरेशी नेमणं हासुद्धा संसर्ग रोखण्याचाच भाग आहे.

भोकरदनचा ताप

आता त्या पन्नास-साठ किलोमीटरच्या रस्त्याकडे येऊ. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे गरीब घरातल्या माणसालाही डायलिसिस मिळू लागलं. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय होतंच, २०१२ पासून तिथे शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. पूर्वी जी माणसं उपचाराविना जात, ती आज नळी घेऊन गावी परत येतात. शेतात पाय ठेवतात, कापसाच्या वेचणीला नाही तरी राखणीला जातात. उन्हाळ्यात घाम येतो, ड्रेसिंग सुटतं, धूळ बसते. त्यांना परत आणण्यात आपण यश मिळवलं आहे. त्यांना गावात सुरक्षित ठेवण्याची तयारी अजून व्हायची आहे.

अशा माणसाला ताप आला की घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. तिथे हिवताप, टायफॉईड, व्हायरल असा विचार होतो, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं जातं. दोन दिवसांनी ताप परत आला की मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तिथे रक्ताचं कल्चर केलं जातं, पण आधीच्या इंजेक्शनमुळे बाटलीत काही वाढत नाही. जंतू कोणता, त्यावर कोणतं औषध चालतं, हे कळायची संधी गेलेली असते. मग डॉक्टरांना अंदाजाने, महागडी आणि ताकदीची औषधं द्यावी लागतात, आणि आधी सांगितलेल्या क्लेब्सिएलासारखे जंतू अशानेच आणखी निगरगट्ट होतात.

म्हणून प्रतिजैविक देण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायचं. शक्य असेल तर दोन जागांहून, एक नमुना नळीतून आणि एक हाताच्या शिरेतून, दोन्हींत सारखंच रक्त. प्रौढ माणसात एका बाटलीला आठ-दहा मिलिलिटर रक्त लागतं, कारण रक्तात जंतू विरळ असतात आणि थोड्या रक्तात ते हुकतात. नळीतल्या नमुन्यात जंतूची वाढ दुसऱ्यापेक्षा किमान दोन तास आधी दिसली, तर गुन्हेगार नळीच आहे, हे जवळजवळ नक्की होतं. अशा दोन बाटल्या तालुक्याच्या रुग्णालयात असणं आणि त्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत रोज पोचवण्याची सोय असणं, हे अवघड काम नाही.

केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत घड्याळ आणखी वेगाने धावतं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप ३८.३ अंश सेल्सिअसवर, म्हणजे १०१ फॅरनहाइटच्या जवळ गेला, तर रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात पहिलं प्रतिजैविक रक्तात गेलं पाहिजे. इथे कल्चर लगेच घ्यायचं, पण त्याच्यासाठी औषध अडवून धरायचं नाही. भोकरदनहून मुंबईच्या टाटा रुग्णालयात तासाभरात कोणी पोचू शकत नाही. म्हणून पहिली मात्रा जवळच्या रुग्णालयातच मिळाली पाहिजे. त्यासाठी त्या मुलाच्या आईच्या पिशवीत एक कागद कायम हवा. आजार कोणता, शेवटची केमो कधी, पोर्ट किंवा नळी कुठे आणि कधी बसवली, ताप आल्यास कोणतं औषध द्यावं आणि कोणाला फोन करावा. मराठीत आणि डॉक्टरांच्या भाषेत, दोन्हींत. मोठ्या रुग्णालयाने सुटी देताना हा कागद दिला नाही, तर तो मागून घ्यावा.

ताप नसतानाही संसर्ग असू शकतो, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हातारं माणूस एकदम असंबद्ध बोलू लागतं किंवा त्याचा रक्तदाब खाली जातो. बाळ दूध सोडतं, गार पडतं, मलूल होतं. नळीच्या तोंडाशी लाली, पू किंवा दुखरेपणा असेल, किंवा नळीचा संसर्ग बरा झाल्यावर काही आठवड्यांनी पाठ सतत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणखी एक सवय मोडावी लागेल. अशक्तपणा वाटला की 'एक सलाईन लावून द्या' असं म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला हे दोन बाजूंनी मारतं. बाहेर न जाणारं पाणी अंगात साठतं, आणि ज्या शिरेतून पुढे फिस्टुला करायचा ती टोचून टोचून बंद पडते. फिस्टुला झाला नाही की नळी राहते, आणि नळी राहिली की धोका राहतो. मूत्रपिंडाचा आजार कळला त्या दिवसापासून ज्या हाताने आपण काम करत नाही तो हात जपायचा. त्यात सलाईन नाही, इंजेक्शन नाही, रक्त काढणं नाही. तपासणीसाठी रक्त हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूने काढता येतं.

काढण्याचा दिवस

फिस्टुला वापरायला तयार होण्यासाठी साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, काहींना जास्त. तयार फिस्टुलावर बोट ठेवलं की कातडीखाली सतत थरथर जाणवते. ती थरथर रुग्णाने रोज स्वतः तपासायची, थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सगळ्यांना फिस्टुला होतोच असं नाही. कोणाच्या शिरा बारीक असतात, कोणाचं हृदय ते झेपू शकत नाही. अशांना परमकॅथवरच राहावं लागतं, आणि नीट निगा ठेवली तर ते वर्षानुवर्षं राहूही शकतात. पण आपल्याकडे पुष्कळ रुग्णांचं पहिलं डायलिसिस घाईघाईने, मानेत तात्पुरती नळी घालून होतं. कारण आजार शेवटच्या टप्प्यावर कळतो. दोन आठवड्यांसाठी घातलेली ती नळी मग महिनोन्‌महिने राहते. शस्त्रक्रियेची तारीख मिळत नाही, आणखी एका खेपेचा खर्च नको वाटतो, शिवाय 'चाललंय ना ठीक' असंही वाटत राहतं.

म्हणून नळी घालतानाच ती कधी काढायची हे ठरलं पाहिजे. तारीख ठरवता येत नसेल तर निदान पुढची पायरी ठरवावी, फिस्टुलाची शस्त्रक्रिया कुठे आणि कोणत्या आठवड्यात. अतिदक्षता विभागात रोज सकाळच्या फेरीत एक प्रश्न विचारला जावा, 'ही नळी आज लागणार आहे का?' उत्तर नाही आलं तर ती त्याच दिवशी निघावी. डायलिसिस केंद्राने दर महिन्याला किती रुग्ण नळीवर आहेत आणि किती जणांना रक्तात संसर्ग झाला, हे भिंतीवर लावावं. मोजलं नाही तर सुधारणार काय? आणि रुग्णाने, त्याच्या मुलाने, सुनेने दर भेटीत डॉक्टरांना विचारावं, "साहेब, ही नळी कधी निघणार?" हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. तो त्यांचा हक्क आहे. भोकरदनच्या रस्त्यावरून आठवड्यातून दोन-तीनदा ये-जा करणाऱ्या प्रत्येक घराने तो विचारायला सुरुवात केली, तर त्यातल्या पुष्कळ घरांवर तापाची वेळच येणार नाही.